कर्ज मय्यतीवरचे आणि आपल्यावरचे

३ मेची सकाळ. बदलापूरहून सुटलेल्या लोकलमध्ये अंबरनाथपर्यंत फोन हातात धरता येतो. उल्हासनगरनंतर हात हलवायलाही जागा उरत नाही. तेवढ्या वेळात मी लोकांचे स्टेटस पाहून घेतो. त्या दिवशी आमच्या कुळगावातल्या एका परिचित गृहस्थांनी हमीद दलवाईंचा फोटो लावला होता. खाली लिहिले होते, 'मुस्लीम समाजाच्या महात्मा फुलेंना स्मृतिदिनी विनम्र अभिवादन.'

मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका वयस्कर माणसाने दलवाईंचे नाव आदराने घेतले होते, तेव्हा त्याच्यावर सर्वांत जास्त तुटून पडलेले हेच गृहस्थ होते. मला त्यांची टिंगल करायची नाही. इतक्या वर्षांत माणसाचे मत बदलू शकते आणि बदलले तर चांगलेच आहे. पण मत बदलल्याचे त्यांनी कुठेच म्हटले नव्हते. जणू ते पहिल्यापासून असेच होते. शिवाय त्यांना हसण्याचा मला अधिकारही नाही, कारण त्या वयस्कर माणसाला ग्रुपमधून काढणारे बोट माझे होते. त्याबद्दल पुढे लिहितो.

मे-जूनमध्ये आपल्याला विचार करायला लावणारे तीन स्मृतिदिन येतात. ३ मे हमीद दलवाईंचा, १४ मे असगर अली इंजिनिअर यांचा आणि ९ जून मकबूल फिदा हुसेन यांचा. तिघेही हयात असताना वादग्रस्त होते. तिघांनाही मृत्यूनंतर बरे दिवस आले. माणूस जिवंत असेपर्यंत नकोसा आणि मेल्यावर 'आपला' कसा होतो, आणि त्या बदलाला खरोखर मतपरिवर्तन म्हणायचे का, हा या संपादकीयाचा विषय आहे.

दलवाई: अर्धे आमचे, अर्धे त्यांचे

चिपळूणजवळच्या मिरजोळीत २९ सप्टेंबर १९३२ रोजी जन्मलेले दलवाई अवघे ४४ वर्षे जगले. 'लाट' हा कथासंग्रह आणि 'इंधन' ही कादंबरी एवढेच लिहून ते थांबले असते, तरी मराठी साहित्यात त्यांचे नाव राहिले असते. पण ते थांबले नाहीत. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा द्या, या मागण्या होत्या. सात स्त्रिया! आज पाणी आले नाही म्हणून याहून जास्त बायका नगरपालिकेवर जातात. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली.

बदल्यात दलवाईंना काय मिळाले? धर्मबुडवा, हिंदूंचा हस्तक, प्रसिद्धीचा भुकेला, ही विशेषणे. उधळलेल्या सभा. मूत्रपिंडाच्या आजाराने ते खंगत गेले आणि ३ मे १९७७ रोजी मुंबईत वारले. आपले दफन करू नये, दहन करावे, कोणताही धार्मिक विधी करू नये, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. ज्यांना त्यांच्याबद्दल थोडीफार सहानुभूती होती, त्यांच्याही घशाखाली ही गोष्ट उतरली नाही.

नंतर काळ सरकला. १९८५ साली शाहबानो निकाल आला, १९८६ साली संसदेने तो निष्प्रभ करणारा कायदा केला. मे २०१७ मध्ये मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, की एका दमात तीन तलाक देऊ नयेत असा सल्ला निकाह लावताना द्यावा, असे आम्ही काझींना सांगू. २२ ऑगस्ट २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने ही प्रथा रद्द ठरवली. सात स्त्रिया रस्त्यावर आल्या त्याला तेव्हा ५१ वर्षे झाली होती.

या ५१ वर्षांत दलवाईंची प्रतिमा पालटली. रामचंद्र गुहा यांनी २०१० साली आधुनिक भारताच्या शिल्पकारांवरील ग्रंथात गांधी, आंबेडकर, नेहरूंच्या पंगतीला त्यांना बसवले. २०१७ साली ज्योती सुभाष यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला आणि त्यात नसीरुद्दीन शाह यांच्यासारखा अभिनेता दिसला. हे सगळे चांगलेच झाले. पण गंमत पुढे आहे. आता दलवाईंना मानणाऱ्यांचे दोन गट दिसतात आणि दोघांनीही त्यांना अर्धे अर्धे वाटून घेतले आहे.

एक गट त्यांची मुस्लीम जमातवादावरची टीका तेवढी उचलतो आणि आपल्या तोंडावर फेकतो. हिंदू समाजानेही पुराणमतवाद आणि धर्मांधता सोडून आधुनिक झाले पाहिजे, हे दलवाईंनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले होते. त्या पानावर हा गट कधीच थांबत नाही. दुसरा गट आपला. आपण त्यांना 'समाजसुधारक' म्हणतो, तलाकपीडित भगिनींसाठी लढणारा म्हणतो. पण त्यांचा समान नागरी कायद्याचा आग्रह, आपल्या राजकारणावरची त्यांची टीका आणि त्यांची शेवटची इच्छा यांचा उच्चार टाळतो. त्या मुद्द्यांवर त्यांच्याशी असहमत असण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माझेही काही बाबतींत मतभेद आहेत. पण मतभेद सांगणे वेगळे आणि माणसाचा अडचणीचा भाग कापून उरलेल्याला हार घालणे वेगळे.

आणखी एक. दलवाई गेले, पण मेहरुन्निसा दलवाई होत्या. पतीच्या पश्चात चाळीस वर्षे त्या तलाकपीडित स्त्रियांच्या कामाशी जोडलेल्या राहिल्या. 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन त्यांनी लिहिले. जून २०१७ मध्ये, निकालाच्या अडीच महिने आधी, त्या वारल्या. मृत दलवाईंना अभिवादन करणाऱ्या आपल्यापैकी किती जण या जिवंत बाईंच्या दारात गेले होते? मी गेलो नव्हतो. पुणे कुळगावपासून गाडीने तीन तासांवर आहे.

'पद्धत चुकली' ही सबब

दलवाईंबद्दल एक ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो. त्यांचे म्हणणे बरोबर असेलही, पण पद्धत चुकली. धर्माच्या बाहेर उभे राहून बोलले, म्हणून समाजाने ऐकले नाही. आतून बोलले असते तर ऐकले असते.

या युक्तिवादाची परीक्षा घ्यायला असगर अली इंजिनिअर यांचे आयुष्य पुरेसे आहे. बोहरा धर्मोपदेशकाच्या घरात जन्मलेला मुलगा. वडिलांकडून अरबी, कुरआन, तफसीर यांचे शिक्षण घेतलेला. उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी आणि मग मुंबई महापालिकेत सुमारे वीस वर्षे नोकरी. आमच्या पेशातला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून ओढ आहे. १९७२ साली उदयपूरच्या बोहरा समाजात धर्मगुरूंच्या मक्तेदारीविरुद्ध बंड झाले आणि ते त्यात उतरले. त्यांचा प्रत्येक मुद्दा कुरआनच्या आधाराने मांडलेला असे. स्त्रियांचे हक्क, न्याय, समता, सगळे आयतींसकट. म्हणजे अगदी आतून.

तरी काय झाले? सामाजिक बहिष्कार. नातेवाइकांशी संबंध तोडले गेले. अनेकदा हल्ले झाले. २००० साली मुंबईत सांताक्रूझला त्यांचे घर आणि कार्यालय फोडण्यात आले. २००४ साली 'राइट लाइव्हलीहूड' हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला, तो परक्यांकडून. १४ मे २०१३ रोजी ते वारले आणि दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखांत ते 'इस्लामचे थोर अभ्यासक' झाले.

बाहेरून बोललेल्याला जे मिळाले तेच आतून बोललेल्यालाही मिळाले. तेव्हा अडचण पद्धतीची नव्हती. ते दोघे जिवंत होते आणि आपल्याकडे काहीतरी मागत होते, ही अडचण होती.

आणि ते जे मागत होते ते अजून बाकी आहे. बहिष्काराला मनाई करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला होता. त्या निकालाचा फेरविचार व्हावा की नाही, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जो सर्व जातपंचायतींना आणि जमातींना लागू आहे. यांतले किती आपल्या वस्त्यांत ठाऊक आहे? इंजिनिअर साहेबांचा फोटो लावणे सोपे आहे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या लग्नाला जाऊन जेवणे अवघड आहे.

पंढरपूरचा हुसेन

हुसेन यांची गोष्ट वेगळी वाटेल, कारण त्यांना त्रास देणारे 'दुसरे' होते अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

१७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत मोठा झालेला हा चित्रकार. पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व, सगळे मिळाले. १९९६ साली त्यांच्या जुन्या चित्रांवरून वादळ उठले, १९९८ साली मुंबईतल्या घरावर हल्ला झाला, देशभर खटले पडले. २००६ साली त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील अश्लीलतेचे खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये मृत्यू आला आणि तिथल्याच ब्रुकवुडच्या दफनभूमीत ते विसावले. ज्या देशाला त्यांना सुरक्षित परत आणता आले नाही, त्या देशाच्या सरकारने त्यांच्या मृत्यूला राष्ट्राची हानी म्हटले.

हे आपण तावातावाने सांगतो. पण २००४ साली त्यांच्या 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका कव्वालीच्या शब्दांवर काही मुस्लीम संघटनांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट थिएटरांतून काढून घ्यावा लागला, हे सांगायला विसरतो. कट्टर हिंदूंना तो माणूस मुसलमान म्हणून नको होता, आणि आपल्यातल्या काहींना तो पुरेसा मुसलमान नव्हता. वनवासात गेल्यावर आणि विशेषतः वारल्यावर मात्र तो 'आमचा हुसेन' झाला. आपल्यावरच्या अन्यायाचा पुरावा म्हणून उपयोगी पडू लागला.

मार्च २०२५ मध्ये त्यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीच्या एका न्यायालयाने त्यांची दोन चित्रे प्रदर्शनातून जप्त करण्याचा आदेश दिला होता. म्हणजे मृत्यूने सगळ्यांची मते बदलतात असेही नाही. बाजारात किंमत वाढते, वर्तमानपत्रात शब्द मऊ होतात, पण ज्यांचा राग राजकारणाला उपयोगी असतो त्यांचा राग टिकून राहतो.

असे का होते?

ही केवळ मुसलमानांची खोड नाही. आगरकर हयात असताना पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. १७ जून १८९५ रोजी ते खरोखर गेले, तेव्हा ज्यांच्याशी वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद झाला होता त्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. सआदत हसन मंटो यांच्यावर फाळणीपूर्वी तीन आणि नंतर तीन असे अश्लीलतेचे सहा खटले झाले. १८ जानेवारी १९५५ रोजी ते लाहोरात वयाच्या ४२ व्या वर्षी गेले. २००५ साली पाकिस्तानने त्यांचे टपाल तिकीट काढले आणि २०१२ साली 'निशान-ए-इम्तियाझ' दिला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षे विधिमंडळात रखडला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. जे काम जिवंत माणसाच्या खेटे घालण्याने झाले नाही, ते त्याच्या रक्ताने चार दिवसांत झाले.

मला याची तीन कारणे दिसतात. पहिले, मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही. दलवाई आज असते तर त्यांच्या नावाने बोलणाऱ्या दोन्ही गटांना त्यांनी झोडपले असते. दुसरे, मेलेला माणूस काही मागत नाही. जिवंत सुधारक माझी सही मागतो, माझ्या मुलीचा निकाहनामा मागतो, माझ्या भावाशी भांडायला सांगतो. फोटो फक्त हार मागतो. तिसरे, एखादा विचार समाजात रुजला की तो मांडणाऱ्याला विरोध केल्याचे कुणालाच आठवत नाही.

या तिसऱ्या कारणावर आमच्या पेशातून थोडे सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही ओळ कोणी लिहिली, कोणी बदलली, कोणत्या तारखेला आणि काय कारण देऊन, याची नोंद आपोआप राहते. चूक सापडली की ती नोंद उघडतात. कधी कधी चूक करणारा मीच निघतो. लाज वाटते, पण त्या नोंदीमुळेच तीच चूक पुन्हा होत नाही. समाजाजवळ अशी नोंद नसते. समाज जुनी ओळ खोडतो, नवी लिहितो आणि म्हणतो की ही पहिल्यापासून अशीच होती. म्हणून पुढचा माणूस आला की त्याच्या बाबतीत नेमकी तीच चूक होते.

ग्रुपमधली एक ओळ

आता माझी नोंद.

कुळगावात आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणायचो. बारावीनंतर माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म त्यांनी भरला. पहिल्या वर्षाच्या फीला सात हजार कमी पडले, ते त्यांनी दिले. अब्बांनी वर्षभरात फेडले. चाचांच्या कपाटात 'इंधन'ची जुनी प्रत होती. मी ती नेली आणि न वाचता परत केली.

२०१७ साली मी आमच्या ग्रुपचा अॅडमिन होतो. कॉम्प्युटरवाला म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले होते. २२ ऑगस्टच्या रात्री चाचांनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. कोर्टाने आज केले ते आपण पन्नास वर्षांपूर्वी करायला हवे होते, हमीद दलवाईंची आपण माफी मागितली पाहिजे, असे लिहिले. पुढे एक साधी सूचना होती: आपल्या जमातीच्या प्रत्येक निकाहनाम्यात दोन अटी लिहाव्यात. एका दमात तीन तलाक देणार नाही, आणि ठरलेल्या परिस्थितीत पत्नीला स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार राहील, म्हणजे तलाक-ए-तफवीज. दोन्ही गोष्टी शरियतच्या चौकटीतल्या.

रात्री दोनपर्यंत शिवीगाळ चालली. सकाळी तीन वडीलधाऱ्यांचे फोन आले. 'ग्रुपमध्ये फितना नको.' मी कल्याणच्या फलाटावर उभा होतो. चाचांच्या नावावर बोट दाबले, पर्याय आला, निवडला. अर्धे मिनिटही लागले नाही. मी स्वतःला सांगितले की वातावरण निवळले की परत घेऊ. संध्याकाळी ते वाटेत भेटले, सलाम केला, काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. नंतर परत घेणे राहून गेले. राहून गेले म्हणजे मी केले नाही.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. जनाज्याला मोजकी माणसे. ग्रुपवर बातमीचा मजकूर मीच लिहिला. 'जमातीचे मार्गदर्शक, समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते.' शेकडो 'इन्ना लिल्लाहि' आले. त्या रात्री शिव्या देणाऱ्यांनी मगफिरतीच्या दुआ पाठवल्या. काही दिवसांनी त्यांच्या मुलीने मला विचारले, "भाईजान, अब्बूंबद्दल ग्रुपवर इतकं छान लिहून आलंय म्हणतात. अब्बूंना ग्रुपमध्ये परत घेतलं होतं का?"

मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि आत गेली.

ग्रुपमध्ये खूप मागे गेले की ती ओळ अजून दिसते: तुम्ही यांना काढून टाकले. ती मला पुसता येत नाही, आणि येत असती तरी आता पुसणार नाही.

कर्ज कोणाचे?

जनाज्याच्या वेळी आपल्याकडे घरचे लोक पुकारा करतात, की मय्यतीवर कोणाचे कर्ज असेल तर सांगा, आम्ही फेडू. कहा-सुना माफ करा. अल्लाहचे रसूल जनाज्याची नमाज पढवण्यापूर्वी मृतावर कर्ज आहे का हे विचारत, असे हदीसमध्ये येते. फार सुंदर रीत आहे. पण तिची एकच बाजू आपण पाळतो. मय्यतीवर कोणाचे कर्ज आहे हे विचारतो. मय्यतीचे कर्ज कोणावर आहे हे कोणी विचारत नाही. त्या माणसाला दिलेली शिवी, उडवलेली अफवा, तोडलेले संबंध, ऐन वेळी गिळलेले शब्द, हे सगळे आपल्या नावावर थकलेले असते. हुकूकुल इबादच्या बाबतीत नुसता पश्चात्ताप पुरत नाही, ज्याचा हक्क मारला त्याच्याकडे जाऊन माफी मागावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तो माणूसच कबरीत गेला असेल तर?

कोणी म्हणेल, गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये असा आदेश आहे. आहे, आणि तो पाळावाच. पण त्याचा अर्थ मूल्यमापन करू नये असा नाही. हदीसच्या विद्वानांनी हजारो मृत रावींची चरित्रे तपासली, कोण खरा, कोणाची स्मृती कच्ची, कोणावर विसंबू नये, हे नावानिशी लिहून ठेवले. अस्मा-उर-रिजाल नावाचे अख्खे शास्त्र त्यातून उभे राहिले. ती गीबत नव्हती, ते सत्याचे काम होते. आपणही दलवाईंच्या चुका दाखवू शकतो, इंजिनिअर यांच्याशी वाद घालू शकतो. अट एवढीच, की त्याच नोंदवहीत आपले पानही उघडे ठेवायचे.

म्हणून वाचक मित्रहो, तीन विनंत्या.

एक, यापुढे एखाद्या वादग्रस्त माणसाच्या मृत्यूवर श्रद्धांजली लिहाल तेव्हा, तो जिवंत असताना तुम्ही काय म्हणत होता, हे एका वाक्यात लिहा. 'मी तेव्हा यांच्या विरोधात होतो, आज मला ते पटते' किंवा 'आजही पटत नाही, पण मी केलेली निंदा चुकीची होती.' ही कबुली असेल तर ते मतपरिवर्तन. नसेल तर ती नुसती सोय.

दोन, अभिवादनापेक्षा कर्जफेड करा. गेल्या डिसेंबरात माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह झाला. चाचांच्या दोन्ही अटी आम्ही निकाहनाम्यात लिहून घेतल्या. नवऱ्या मुलाने थोडा विचार करून होकार दिला, काझी साहेबांनी हरकत घेतली नाही. दहा मिनिटांचे काम होते. ज्यासाठी आम्ही एका माणसाला वाळीत टाकले होते ते दहा मिनिटांचे काम.

तीन, जे जिवंत आहेत त्यांच्याकडे पाहा. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ साली मशिदीत स्त्रियांना नमाज पढता यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०२० मध्ये पर्सनल लॉ बोर्डानेच प्रतिज्ञापत्रात म्हटले, की स्त्रियांना मशिदीत येण्याची मनाई नाही. मनाई नाही, पण आपल्या किती मशिदींत त्यांच्यासाठी जागा आहे?

हाच प्रश्न गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एका तरुण शिक्षिकेने विचारला. ट्रेनमधून येताना-जाताना असरची नमाज कुठे पढायची, मशिदीच्या मागची खोली आम्हाला द्याल का, एवढेच. लगेच 'फेमिनिस्ट', 'कोणाच्या इशाऱ्यावर', 'फितना' सुरू झाले. स्टेटसला दलवाईंचा फोटो लावणाऱ्या गृहस्थांचाही मेसेज त्यात आहे. दोन वडीलधाऱ्यांनी मला फोन केला. शब्द २०१७ चेच होते.

मी अजून त्या ग्रुपचा अॅडमिन आहे. या वेळी मी त्यांना सांगितले की ती ग्रुपमध्ये राहील आणि तिच्या प्रश्नाला ट्रस्टींनी उत्तर द्यावे. त्यावर बरेच ऐकून घ्यावे लागले, अजूनही लागते. खोलीचे काय होणार, माहीत नाही. पुढच्या जुम्म्याला ट्रस्टींची बैठक आहे आणि मी तिथे तिच्या बाजूने बोलणार आहे. आपापल्या वस्तीत अशी एखादी व्यक्ती असेलच. तिच्या मृत्युलेखाची वाट पाहू नका.